लाल कुठून सुरू होतं

जालमसिंगने आपल्या भावजयीला कधी बोटही लावलं नाही. कोरीटमध्ये कुणालाही विचारा, हेच सांगतील, आणि खरंच सांगतील. धाकट्या भावाची बायको म्हणजे जेठाने, थोरल्या दिराने, बघायची नाही, शिवायची नाही. ती समोर आली की तिने डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि त्याने पाठ फिरवायची. त्यांच्या भावकीत हा रिवाज सगळेच पाळत, पण जालमसिंग जरा जास्तच पाळायचा. ममता नवीन लग्न होऊन आली त्या आठवड्यात वाढताना तिच्या हाताचा धक्का त्याच्या मनगटाला लागला, तर हा माणूस भरल्या ताटावरून उठला, कपड्यांसकट नळाखाली बसला आणि दिवसभर उपाशी राहिला. भावजयीला शिवलेल्या हाताला कोड फुटतं, असं त्याच्या आजीने त्याला लहानपणी सांगितलं होतं, आणि सहा फुटी गडी झाला तरी ते त्याच्या मनातून निघालं नव्हतं.

याचा अर्थ ममताला मार पडत नव्हता असा नाही. मार पडायचा, आणि चांगला पडायचा. फक्त तो रुपाच्या हातून पडायचा.

रुपा ही जालमसिंगची बायको. तिच्यावर ही कामगिरी आली ती लखन गेल्यावर. लखन म्हणजे जालमसिंगचा धाकटा भाऊ, ममताचा नवरा. विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकखाली सापडला. ममताची तेव्हा तिशीही उलटली नव्हती, मूलबाळ नव्हतं. कळसाडीहून तिचा भाऊ करणसिंग तिला न्यायला आला. बहीण गेली की लखनच्या वाट्याची जमीनही तिच्या मागोमाग कळसाडीला जाईल, ही भीती जालमसिंगच्या पोटात. त्याने पाहुण्याला अंगणातच ट्रॅक्टरच्या हँडलने असा झोडपला की त्याच्या बरगड्या मोडल्या. करणसिंग पुन्हा कोरीटच्या शिवारात फिरकला नाही. ममता राहिली.

मग एक दिवस ती दारातल्या दूधवाल्याशी बोलताना हसली. हसण्यासारखं काही असेल, हसली बिचारी. जालमसिंग पडवीत खाटेवर बसला होता. त्याने लगेच पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, “रुपा, तुन्ही देराणीले जरा समजाड.”

रुपाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने ममताच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या, पोराला मारावं तशा. जालमसिंग ऐकत होता.

“हाई मारनं शे?” त्याने विचारलं.

तो उठला, रुपाला केसांना धरून गोठ्यात घेऊन गेला आणि तुरीच्या काठीने तिला मारणं कसं असतं ते शिकवलं. काठी मोडली तेव्हा त्याने हात वापरला. रुपाचा खालचा एक दात तिथेच शेणात पडला. “असं मारतस,” तो म्हणाला, आणि पुन्हा येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. रुपा तोंडातलं रक्त गिळत बाहेर आली आणि तिने ममताला तसं मारलं.

पुढे हे घरचं वळणच पडून गेलं. भाजी खारट झाली, ममता शेजारणीच्या ओट्यावर जास्त वेळ बसली, कळसाडीहून फोन आला, की जालमसिंग पाठ फिरवायचा आणि रुपाने काठी उचलायची. तो कानाने मार मोजायचा. पाठीवर बसलेल्या काठीचा आवाज कसा, मांडीवर बसलेल्या काठीचा कसा, त्याला सगळं ठाऊक होतं. एकदा दोघींनी डोकं लढवलं. रुपाने घडी केलेल्या गोधडीवर काठी हाणली आणि ममताने ओरडा केला. तो भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, “गोधडी ठेव आनी आठे ये.” त्या दिवसापासून रुपाच्या डाव्या डोळ्याची पापणी नीट उघडत नाही. डोकं लढवायचं दोघींनी सोडून दिलं.

आणखी एक गोष्ट होती, ती रुपाने कुणालाच सांगितली नाही. ममताला व्यवस्थित मार बसला की जालमसिंगचं डोकं थंड व्हायचं. त्या दिवशी तो रुपाच्या वाटेला जात नसे. उलट कधीकधी तिच्यासाठी नंदुरबारहून भजी आणायचा. तिला ती भजी गोड लागायची. त्यामुळे काठी उचलायचा हुकूम आला की रुपाच्या मनात पहिल्यांदा सुटकेचा विचार यायचा, आज माझी पाळी नाही. मग हात जोरात पडायचा. नंतर तिला स्वतःची किळस यायची आणि त्या किळसेचा राग ती ममतावरच काढायची. ममताने एकदा तरी तिचा हात धरावा, शिव्या द्याव्यात, तुझं वाटोळं होईल म्हणावं, असं तिला फार वाटायचं. ममता पदराचा बोळा दातांत धरायची आणि संपेपर्यंत बसून राहायची. नंतर उठून भाकरी थापायला लागायची.

त्या हिवाळ्यात थंडी कडक पडली. सासू प्रमिलाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ते दाखवायला त्या नंदुरबारला गेल्या आणि हात धरायला म्हणून ममताला घेऊन गेल्या. परत येताना म्हातारीला दया आली. सून रात्रंदिवस कुडकुडते, एक शाल तरी तिची तिने विणून घ्यावी. विणकाम तिला माहेरी असल्यापासून येतंच होतं. सज्जनबाई मारवाडणीच्या दुकानात जाऊन प्रमिलाबाईंनी पांढरी लोकर मागितली. विधवेच्या अंगावर घालायची आहे, एकदम पांढरी पाहिजे, दुसरा ठिपका चालायचा नाही, असं तीनतीनदा बजावलं. सज्जनबाईने ममताच्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं. ममताने सासूच्या पाठीमागून काचेच्या कपाटाकडे बोट केलं. सज्जनबाई आत गेली, बराच वेळ लावला आणि नारळाएवढा पांढराशुभ्र गुंडा घेऊन बाहेर आली. प्रमिलाबाईंनी तो डोळ्यांपाशी नेऊन पाहिला, नेहमीप्रमाणे भाव पाडला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. म्हणजे पुढे जे काही झालं, ते म्हातारीने स्वतः विकत घेऊन घरात आणलं, हे ध्यानात ठेवायला हवं.

ममता दुपारी मागच्या अंगणात बसून विणायची. तिथे मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. नंदुरबारकडची मिरची, लालभडक. सकाळी दोघी जावा कमरेत वाकून मिरच्या खालीवर करायच्या, दोघींचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. त्या लाल हातांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कामाचा लाल रंग विधवेला चालतो, हौसेचा चालत नाही, एवढं या घरातल्या माणसांना बरोब्बर समजत होतं.

रुपाच्या हातात सुई आली ती एका माराच्या दुसऱ्या दिवशी. ममताचा दंड सुजून पायलीएवढा झाला होता, हात वर होत नव्हता. शाल तेव्हा तळहाताएवढी, नुसतं टोक. ती रुपाकडे सरकवून ममता म्हणाली, “जिजी, हाई ओळ तू पुरी कर.”

“माले नही येस.”

“येई. येमा काहीच नही शे.”

आणि खरंच तसं फार काही नव्हतं. सुईवर दोरा घ्यायचा, खालच्या घरात सुई घालायची, दोरा ओढून आणायचा, मग दोन फासांतून काढायचा, पुन्हा दोन फासांतून काढायचा. एक खांब झाला. असे खांबाला लागून खांब. त्रिकोणाच्या टोकापासून सुरुवात झालेली. दर ओळीत दोन्ही कडांना आणि मधोमध जास्तीचे खांब घालायचे, की शाल आपोआप रुंद होत जाते. चुकलं तर ओढायचं, उसवायचं, पुन्हा घालायचं. शेतात राबणाऱ्या बाईला हे काय अवघड? पण रुपाचा हात एका जागी आवळून बसला होता. तिने घातलेले खांब इतके घट्ट की पुढच्या ओळीला त्यांत सुईच शिरेना.

“सोड जरा,” ममता म्हणाली. “दोरा काय पयी जाई ऱ्हायना का? आनी सुई काठीना मायक धरू नको.”

टोमणा नव्हता तो, साधं शिकवणं होतं. रुपाचे कान मात्र तापले. तिने मान खाली घालून ओळ पुरी केली. वाकडीतिकडी, कडेला चुण्या पडलेली. ममताने ती उसवली नाही, तिच्यावरच पुढची ओळ घालायला सांगितली.

रुपाला विणायला आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून असं काही होत होतं, ज्यात कुणाचं पोट भरत नव्हतं आणि कुणाला लागत नव्हतं. मग रोजचंच झालं. एक ओळ ममताची, एक रुपाची. ममताची सैल आणि सारखी, रुपाची आवळलेली. एक दिवस विणता विणता तिने विचारलं, “तुले मन्हा राग नही येस का?”

“येस ना.”

“मंग?”

“मंग काय? ओळ पुरी कर.”

गुंडा लहान होत गेला तसं रुपाच्या लक्षात आलं, की ही लोकर काल होती तशी आज नाही. पांढऱ्यावर साय धरल्यासारखी झाली, मग सायीला कुठूनतरी गुलाबी झाक आली. उन्हामुळे असेल, मिरचीच्या हातांमुळे असेल, असं तिने स्वतःला समजावलं. शेवटी तिने गुंड्यात बोट खुपसून आतला दोरा वर काढला. तो लाल होता. मिरचीसारखा, कुंकवासारखा लाल.

“ममता! मझार लाल शे!”

“माले माहीत शे.”

सज्जनबाईच्या दुकानात अशी लोकर येते, ममताने सांगितलं. एकाच दोऱ्यात रंग हळूहळू बदलत जातो, कुठे गाठ नाही, कुठे जोड नाही. कपाटातली लोकरीची लालेलाल चकती तिने सासूच्या पाठीमागून दाखवली आणि सज्जनबाईने ती आत नेऊन अशी गुंडाळली की पांढरं टोक वर राहावं.

“तो मन्हाच हातघाई तुन्हा हात मोडाई लेई,” रुपा म्हणाली. तिला रडू फुटलं. “माले मोडना पडी, तुले कयस का? काठी नही, हात मोडाले लाई तो.”

ममताने शाल तिच्या मांडीवर पसरली. “दखाड माले, लाल कथाईन सुरू व्हस. बोट ठेव. तठेच थांबसूत.”

रुपाने बोट ठेवलं. ते गुलाबी होतं. खालच्या ओळीवर ठेवलं, तेही होतं तसंच. आणखी खाली, आणखी खाली, आणि बोट पांढऱ्यावर कधी आलं ते तिला कळलं नाही. पुन्हा वर चढली. पांढऱ्यावरून निघालेलं बोट गुलाबीवर पोचलं, पण वाटेत कुठेही उंबरा लागला नाही. दोघी बराच वेळ तेच करत बसल्या. मग ममताला हसू आलं, तिचं बघून रुपालाही आलं. त्या घरात दोघी एकत्र हसल्या ती पहिलीच वेळ. थांबायची जागा सापडली नाही, म्हणून थांबल्या नाहीत.

प्रमिलाबाई संध्याकाळी विचारायच्या, “धवयंच शे ना वं?” आणि त्यांना तर ते पांढरंच दिसत होतं. जालमसिंग भावजयीकडे बघतच नव्हता, त्यामुळे तिच्या मांडीवरही त्याची नजर जात नव्हती. रिवाजाचा फायदा म्हणायचा तर एवढाच.

घात केला तो दिलवरसिंगने. जालमसिंगचा हा चुलता मिरचीची पोती न्यायला ट्रॉली घेऊन दुपारी आला. त्या दिवशी वारा झोंबत होता; ममताने अर्धवट शाल, सुई अडकवलेली तशीच, खांद्यावर टाकली होती. म्हातारा मागच्या दारातून डोकावला आणि पडवीत जाऊन पुतण्याला म्हणाला, “जालम, तुन्हा घरमा रांडमुंड बाया लाल पांघराले लाग्यात का रे?” एवढं बोलून, चहा पिऊन, पोती भरून तो गेला. आग लावणारी माणसं पोटभर चहा पिऊनच जातात.

ट्रॉलीचा आवाज रस्त्यावर विरेपर्यंत जालमसिंग पडवीतच बसून राहिला. मग त्याने खाट मागच्या अंगणात ओढून आणली, मिरच्यांच्या कडेला टाकली आणि पाठ करून बसला. आईला बोलावलं. शाल आईच्या हातात देववली.

“माय, हाई लाल शे का?”

प्रमिलाबाईंनी शाल डोळ्यांना लावली, लांब धरली. “माले त धवयंच दिसी ऱ्हायनं, बेटा.”

त्याने शाल हिसकावून घेतली. शेवटच्या ओळी आता पिकलेल्या डाळिंबाच्या रंगावर आल्या होत्या. त्याच्या मानेवरची शीर फुगली. तरी तो ओरडला नाही, हे रुपाला जास्त भीतीदायक वाटलं. त्याने शाल खांद्यावरून मागे फेकली. “उसव. लाल सुरू व्हस तठलगून उसव. धवयं ऱ्हाई ते ऱ्हाऊ दे.”

रुपाने सुई काढली आणि दोरा ओढला. विणायला दुपारच्या दुपारी गेलेल्या ओळी सरसर सुटायला लागल्या. मोडी पडलेला दोरा तिच्या पायांशी साचत गेला. थोडं उसवल्यावर तिने शाल पुढे केली. “आते?”

त्याने उन्हात धरून पाहिली. “अजून शे.”

पुन्हा उसवलं. “आते?”

“अजून.”

“आते?”

त्याने शाल उलटी केली, सुलटी केली, डोळे बारीक केले. थोडं लाल वाटत होतं, थोडं वाटत नव्हतं. “अजून,” तो म्हणाला, पण आवाजातली खात्री गेली होती. शाल निम्मी झाली. पुढच्या खेपेला त्याने नुसतीच फिरवून फिरवून पाहिली. अख्ख्या भावकीत कुणी काय नेसावं आणि काय खावं हे सांगणारा माणूस, त्याला एका दोऱ्याचा रंग ठरवता येईना.

तेव्हा पदराआडून ममता बोलली. जेठाशी सरळ बोलायचं नसतं, म्हणून ती जावेशी बोलली. पण त्याला ऐकू जावं म्हणून मुद्दाम बोलायची तिची ही पहिलीच वेळ. “जिजी, जेठसले ईचार. लाल कथाईन सुरू व्हस, ते त्यासले तरी कयस का?”

जालमसिंगच्या हातातून शाल गळाली. त्याने मान वळवली नाही. रिवाज म्हणजे रिवाज.

“रुपा,” तो म्हणाला. “पाटा आन. तिन्हा जेवना हात पाटावर ठेव. आनी मुसय ले. हाड मोडाना आवाज माले आठे ऐकू येवाले जोयजे.”

जेवना म्हणजे उजवा. जेवायचा, विणायचा, भाकरी थापायचा. रुपाने एकदा सासूकडे पाहिलं. म्हातारी नुसती हवेत डोळे लावून “काय व्हयनं, काय व्हयनं” करत होती. रुपाने पाटा आणला. मुसळ आणलं, खाली लोखंडी कडं बसवलेलं, दोन हातांनी उचलायचं. ममताने स्वतःच बाही वर सारली आणि हात पाट्यावर ठेवला. बोटं सकाळच्या मिरच्यांनी लाल होती.

“बेगी कर,” जालमसिंग म्हणाला. “नही त तुन्हा दोन्ही मोडसू.”

तो करेल, यात रुपाला तिळमात्र शंका नव्हती. एक हात ममताचा किंवा दोन हात आपले. एवढी वर्षं ती असंच मोजत आली होती आणि दर वेळी उत्तर एकच यायचं. तिने मुसळ उचललं. गोधडीचा विचार मनात आला नाही. हाडाचा आवाज गोधडीतून निघत नाही.

ममता हळूच म्हणाली, “जिजी, डोया मीच आनी एकदाव मार. दोनदाव नको.”

हे ऐकलं आणि रुपाच्या आत काहीतरी तुटलं. ज्या बाईचा हात मोडायचा, तीच धीर देत होती. शिवी दिली असती तर रुपाने कदाचित मारलंही असतं.

तिने डोळे मिटले नाहीत. समोर नवऱ्याची पाठ होती, रुंद, मळकट बंडी घातलेली. त्याचा उजवा हात खाटेच्या कडेला घट्ट धरलेला, कोपर बाहेर काढलेलं, कान टवकारलेले. तो आवाजाची वाट बघत होता. रुपा दोन पावलं पुढे सरकली आणि तिने होता नव्हता तेवढा जोर लावून मुसळ त्या कोपरावर हाणलं.

आवाज आला. ओला बांबू मोडावा तसा. हवा होता तसाच.

जालमसिंगने जी किंकाळी फोडली ती पुढच्या गल्लीपर्यंत गेली. तो वळला. हात कोपरापासून भलत्याच दिशेला लोंबत होता, कातडीतून हाडाचं टोक बाहेर आलं होतं आणि रक्त बोटांवरून मिरच्यांवर गळत होतं. क्षणभर त्याला कळलंच नाही हे कुणी केलं. त्याच्या घरात असं करणारं कुणी नव्हतंच. मग त्याने रुपाच्या हातातलं मुसळ पाहिलं. तिने दुसऱ्यांदा उचलायच्या आत तो तिच्यावर पडला. दोघं मिरच्यांत कोसळली. त्याने डोक्याने तिच्या नाकावर धडक दिली, गुडघा पोटात घातला, आणि डाव्या हाताने तिचा गळा धरला. एका हाताचा माणूस, पण तो हात नांगर धरलेला. मिरचीचा खकाणा उठला, दोघांच्या नाकातोंडात गेला. रुपाला खोकताही येईना. तिने त्याच्या लोंबत्या हाताला नखं लावली, तो ओरडला पण गळा सोडला नाही. तिच्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं.

प्रमिलाबाई भिंत चाचपडत रडत होत्या. “बस कर रुपा! पोरीले मारी टाकशी! बस कर वं!” मुलाच्या तोंडून अशी किंकाळी तिने कधी ऐकलीच नव्हती; म्हातारीला अजून वाटत होतं की मार ममताला पडतोय.

तेव्हा ममताने डोक्यावरचा पदर मागे टाकला. चालत आली, वाकली आणि आपला उघडा तळहात जालमसिंगच्या गालावर ठेवला.

जोर लावला नाही, चिमटा काढला नाही, नुसता ठेवला. जालमसिंगला चटका बसल्यासारखं झालं. गळ्यावरचा हात सुटला. त्याने मान वर केली आणि आपल्या भावाच्या बायकोचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. हाड बाहेर आलं तेव्हा तो माणसासारखा ओरडला होता. आता त्याच्या नरड्यातून निघाला तो लहान पोराचा आवाज. “शिवू नको! शिवू नको माले!”

ममताने दुसरा हात त्याच्या मानेवर ठेवला.

तो रुपाच्या अंगावरून घसरत मागे सरकला, धडपडत उठला. ममता हात पुढे करून एक पाऊल चालली, तो एक पाऊल हटला. मिरच्या तुडवत, खाट उलथवत, मोडका हात छातीशी धरून तो मागे मागे गेला. मागच्या दारातून गल्लीत गेला. गल्लीत माणसं जमली होती. सगळ्यांनी पाहिलं, की जालमसिंग रक्ताने माखला आहे आणि एका उघड्या डोक्याच्या, रिकाम्या हातांच्या बाईला भिऊन पळतो आहे. ममता उंबऱ्यात थांबली. तिने दार लावून घेतलं आणि कडी घातली.

नंदुरबारच्या डॉक्टरला त्याने ट्रॅक्टरवरून पडलो म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार होता? बायकोने मोडला म्हणाला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि भावजय शिवली हे तर त्याला स्वतःच्या मनातही म्हणवत नव्हतं. दवाखान्यातून तो सरळ दिलवरसिंगच्या घरी उतरला. दिलवरसिंगच्या बायकोने सांगितलं म्हणून कळलं, की पठ्ठ्या दिवसातून अनेकदा गाल धुतो आणि आरशात कोड शोधतो. रुपाचा मुलगा कुंदन नाशिकला शिकतो, त्याचा फोन आला तेव्हा रुपाने त्याला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, “दार लाई ठेव, माय.”

ते लावलेलंच होतं. दोघी मागच्या अंगणात बसल्या होत्या. रुपाचं नाक सुजून गालांच्या पातळीला आलं होतं, गळ्यावर पाच बोटं उमटली होती. उसवलेला दोरा मिरच्यांतून वेचून, बिया झटकून त्यांनी पुन्हा गुंडाळला आणि ममताने सुई घातली. मोड्या पडलेल्या दोऱ्याचे खांब जरा कुरळे येत होते, पण येत होते. प्रमिलाबाई नेहमीच्या जागेवर उन्हाला बसल्या होत्या. त्यांनी सवयीने विचारलं, “धवयंच शे ना वं?”

“नही माय,” ममता म्हणाली. “लाल शे.”

म्हातारी भिंतीला धरून आत निघून गेली.

रुपाच्या मनात त्या दिवसापासून एकच गोष्ट घोळत होती. घसा सुजलेला, आवाज फुटत नव्हता, तरी तिने विचारलंच. “तुले माहीत व्हतं? नुसता हात लावा म्हंजे तो पयी जास?”

“माहीत व्हतं.”

“कव्हयपशी?”

“तो ताटवरथीन उठना, नळखाले बठना, तव्हयच कयनं.”

म्हणजे पहिल्यापासून. लखन जिवंत असल्यापासून. रुपाला आधी राग आला, असला राग की सूज विसरून ती उठून बसली. “आनी इतला मार खाधा? मन्हा हातना? एक हात लावती त एकबी काठी पडती नही!”

ममताने दोरा सुईवर घेतला, ओढला, खांब पुरा केला. “मी हात लावती, तो पयी जाता,” ती म्हणाली. “मंग आंगधुई करी परत येता. आनी माले शिवाले येस नही म्हनीसन सगळं तुन्हावर काढता. तुले शिवाले त्याले कोन ना म्हनस? जित्ती ठेवता नही तो तुले.”

गोठ्यात पडलेला दात, पापणी, भज्यांचा पुडा, सगळं रुपाच्या डोळ्यांपुढून गेलं. आपण हिला मारून स्वतःला वाचवतो, असं ती इतकी वर्षं समजत होती. वाचवणारी समोर बसून शाल विणत होती. रुपाने हात पुढे केला, ममताच्या पाठीवरून फिरवावा म्हणून.

हात उचललेला दिसला आणि ममताचं अंग जागच्या जागी आखडलं. मान खाली गेली, खांदे वर आले, दातांनी पदराची कड शोधली. तिने मुद्दाम केलं नाही. अंगाने आपलं आपण केलं.

रुपाने हात मागे घेतला नाही आणि पुढेही नेला नाही. पाठीपासून वीतभर अंतरावर तो तसाच धरून ती थांबून राहिली. दंड भरून आला, थरथरायला लागला, तरी थांबली. बऱ्याच वेळाने ममताने पदर दातांतून सोडला. मग तिने मागे न बघता पाठ हळूच सरकवून त्या हाताला लावली.